मतलब म्हणजे अर्थ

खानापूरकर मास्तर आमच्या उत्तरांच्या वह्या चिमटीत धरून वर्गात आणायचे. मेलेला उंदीर शेपटीला धरून घराबाहेर न्यावा तशी एकेक वही अंगापासून लांब धरलेली. ती टेबलावर सोडली की खिडकीशी जायचे, तिथल्या तांब्यातलं पाणी बाहेर ओतत हात धुवायचे, ओले हात शेरवानीला पुसायचे आणि मग नखाने पान उलटून म्हणायचे, "एमि रा, काय घाण करून ठेवलास ही?" 'एमि रा' म्हणजे तेलुगूतलं 'काय रे'. मास्तर देगलूरचे. रागावले की त्यांच्या मराठीत तेलुगू शिरायची, आणि ते बहुतेक वेळ रागावलेलेच असायचे. नव्या पोरांना ते सोंग वाटायचं. सोंग नव्हतं. आम्ही लिहिलेल्या उत्तरांची त्यांना खरोखरीची किळस यायची.

शिक्षकांवर लिहिलेले लेख मी आयुष्यभर वाचत आलो, कारण मी स्वतः शिक्षकच झालो आणि असे लेख निवृत्तीच्या समारंभात ऐकावेही लागतात. त्यातला प्रत्येक मास्तर देवमाणूस असतो, प्रत्येक शिष्य कृतज्ञ असतो, आणि ऐकून झालं की मला चूळ भरावीशी वाटते. खानापूरकर मास्तर देवमाणूस नव्हते. तपकिरीने त्यांच्या मिशा पिवळट झालेल्या असत, बोलताना थुंकी उडे, पहिल्या बाकावर कुणी बसायला मागत नसे. गरीब मुलाची फी भरली, आजारी पोराच्या उशाशी बसले, असलं काही त्यांच्या नावावर नाही. शिष्य म्हणून माझी काय लायकी होती ते पुढे येईलच. तेवढ्यासाठीच लिहायला बसलो आहे.

ही गोष्ट निजामाचं राज्य जायच्या चार-पाच वर्षं आधीची. नांदेडच्या एका सरकारी हायस्कुलात मी शिकत होतो. आम्ही मूळचे लातूरकडचे लिंगायत, पण वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, नांदेडला पितळी भांड्यांचं दुकान टाकलेलं. शाळा उर्दू. हिसाब उर्दूत, तारीख म्हणजे इतिहास उर्दूत, जुग्राफिया म्हणजे भूगोल तोही उर्दूत. फक्त जेवणानंतरचा एक तास मराठीचा, तो खानापूरकर मास्तरांचा. सकाळपासून परक्या भाषेत ताटकळलेली पोरं त्या तासाला सैल पडून डुलक्या घ्यायची. मास्तरांना याचीही किळस. "दिवसभर तिकडं उभं राहून शिकता, आन् आपल्या भाषेत आलं की आडवं होता. शी!"

मॅट्रिकच्या वर्गाला मराठीसाठी एक जुनं पाच अंकी शोकांत नाटक लावलेलं होतं. नाव सांगत नाही. कुणी वाचलं असेल तर माझ्याशी भांडायला उठेल, आणि मला इथे भांडण नको आहे. गोष्ट थोडक्यात अशी. एका राजाच्या किल्ल्याला शत्रूचा वेढा पडतो. राजाचा सगळ्यात जुना, सगळ्यात भरवशाचा किल्लेदार एके पहाटे आतून दरवाजा उघडून देतो. राणी मरते, राजपुत्र मरतात, राजा कैद होतो आणि पाचव्या अंकात किल्लेदार बुरुजावरून उडी टाकतो. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न एकच : किल्लेदाराने दरवाजा का उघडला?

"किल्लेदार दुष्ट होता," असं निम्म्या वर्गाने लिहिलं.

"दुष्ट ही शिवी झाली," मास्तर म्हणाले. "उत्तर कुठंय?"

"लोभी होता," उरलेल्यांनी लिहिलं.

"कशाचा लोभ? शत्रूनं त्याला काय देऊ केलं? पान दाखीव मला. न्हाई ना? मग कुंजीतली घाण माझ्यापुढं आणायची न्हाई." बाजारात मिळणाऱ्या कुंज्या, म्हणजे तयार उत्तरांची पुस्तकं, मास्तरांच्या लेखी उकिरडा होत्या.

वर्गात हुशार म्हणून मी ओळखला जायचो. मी चौथ्या अंकातलं किल्लेदाराचं लांबलचक भाषण पाठ केलेलं होतं. रयतेची पोरं भुकेने तळमळत आहेत, ते मला बघवत नाही, असं ते भाषण. नाटक मंडळी गावात आली की या भाषणाला टाळ्या पडायच्या, बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी लिहिलं, 'रयतेच्या कळवळ्याने किल्लेदाराने दरवाजा उघडला.' शाबासकी मिळणार अशी माझी खात्री होती. मास्तरांनी ती वही उचलली आणि हात दोनदा धुतले.

"शिवलिंग, हे तर सगळ्यांत घाण हाय," ते म्हणाले. "माणूस आपणहून जे कारण सांगतो ना, ते पाहुण्यापुढं मांडायचं घासलेलं भांडं असतं. तू भांडेवाल्याचा पोरगा, तुला कळायला पाहिजे. मोरीत काय पडलंय ते जाऊन बघ."

'हेतू' हा शब्द त्यांना आवडत नसे. लई सोवळा शब्द, म्हणायचे. त्यांचा शब्द 'मतलब'. "किल्लेदाराचा मतलब काय? राणीचा मतलब काय? राजाचा काय? ह्या नाटकात एक पण माणूस बिनमतलबी न्हाई. शोधा." मराठीत मतलब म्हणजे स्वार्थ, आतला डाव, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. नाटक शिकवायला त्यांनी तीन महिने लावले आणि त्या तीन महिन्यांत मतलब हा शब्द आमच्या तोंडात असा बसला की घरी आईने लाडू दिला तरी आम्ही तिचा मतलब शोधायचो.

किल्लेदाराचा मतलब मास्तरांनी आम्हाला सांगितला नाही, करून दाखवला. एक दिवस ते घरून पितळी तबक आणि पाच विडे घेऊन आले. आम्हा पाच जणांना ओळीने उभं केलं. आम्ही दरबारातले मानकरी, मास्तर राजा. तिसरा मी, म्हणजे किल्लेदार. मास्तर तबक घेऊन आले, पहिल्याला विडा दिला, दुसऱ्याला दिला, मी हात पुढे केला आणि मास्तरांनी माझ्याकडे न बघता चौथ्याच्या हातावर विडा ठेवला. पोरं खिदळली. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा मी हात पुढे केला, पुन्हा चौथ्याला. असं चार वेळा. चौथ्या वेळी वर्गात कुणी हसत नव्हतं.

"काय वाटलं?" मास्तरांनी विचारलं.

"काही न्हाई, मास्तर."

"खोटं. कान बघ तुझे, लाल झाल्यात." मग त्यांनी दुसऱ्या अंकातलं पान काढायला लावलं. तिथे संवादांच्या मधोमध कंसात चार शब्द छापलेले होते : राजा विडा पुढच्यास देतो. आम्ही कुणीही ते वाचलेले नव्हते. कंसातलं कोण वाचतं? "ते नटासाठी लिवलेलं असतं म्हणून तुम्ही उडी मारून पुढं जाता," मास्तर म्हणाले. "राजा काही मुद्दाम न्हाई करत. त्याचं ध्यान दुसरीकडं हाय. त्याला आठवत पण न्हाई. पण ह्याचा हात तसाच राहिला ना. रयतेची भूक मागून आली, भाषणापुरती. दरवाजा उघडला तो ह्या हातानं."

मी भारावून गेलो होतो. हे खरं सांगतो, कारण पुढे खोटं पुष्कळ येणार आहे. त्या दिवशी घरी जाऊन मी अख्खं नाटक फक्त कंसातलं वाचून काढलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी शाळा तपासायला मोहतमीम साहेब आले. मोहतमीम म्हणजे शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी. हे साहेब हैदराबादचे, सावकाश बोलणारे, पोरांना 'मियाँ' म्हणणारे गृहस्थ होते. मराठी त्यांना येत नव्हती. मराठीच्या तासाला ते सदर मुदर्रिस साहेबांबरोबर, म्हणजे हेडमास्तरांबरोबर, आले, खुर्चीवर बसले, टेबलावरचं नाटकाचं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि वर्गाला सहज विचारलं, "मियाँ, इस ड्रामे का मतलब क्या है? कोई बताए."

त्यांनी विचारलं होतं, या नाटकाचा अर्थ काय. उर्दूत मतलब म्हणजे अर्थ. सहा वर्षं उर्दूत शिकलेल्या मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तास मराठीचा, हातात नाटक, समोर मास्तर, आणि तीन महिन्यांचा तो मतलब. मी सगळ्यांच्या आधी उभा राहिलो.

"साब, इस ड्रामे में हर एक का मतलब अलग है."

"बहोत खूब," साहेब खूश झाले. "मसलन?" म्हणजे उदाहरणार्थ.

"बादशाह का मतलब ये, के अपनी गद्दी रैना. रयत मरी तो मरो."

हेडमास्तरांच्या हातातली हजेरी खाली पडली. मला वाटलं, माझ्या उत्तराचा प्रभाव पडला. साहेबांनी मला पुन्हा विचारलं, "बादशाह का मतलब ये है?" मी म्हणालो, "जी साब." "ये किसने सिखाया?" मी अभिमानाने मास्तरांकडे बोट दाखवलं. "हमारे मास्तर साब ने."

नाटकातल्या राजाचा स्वार्थ काय, ते मी सांगत होतो. साहेबांनी ऐकलं ते असं, की बादशाह या शब्दाचा अर्थच, जो गद्दीसाठी रयत मारतो तो. आणि बादशाह तेव्हा गद्दीवर होता, हैदराबादेत. साहेबांनी खिशातून छोटी वही काढली, दोन ओळी लिहिल्या आणि उठून गेले.

दार लागलं. आणि मास्तर हसले. तपकिरीच्या मिशा हलवत, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलेलं नव्हतं.

"अरे शिवलिंग, मतलब म्हणजे अर्थ! अर्थ विचारून राहिले ते! सहा वर्षं उर्दू घोकलास आन् मतलब कळंना होय रे तुला?"

मग सगळा वर्ग हसला. डुलक्या घेणारी पोरंही जागी होऊन हसली.

त्या दिवसापासून माझं नाव मतलबी पडलं. शाळेच्या फाटकात शिरलो की कुणीतरी ओरडायचं, "आला रे बादशाह का मतलब!" दुकानात अप्पांना मदत करायला बसलो तर रस्त्याने जाणारी पोरं तेच ओरडायची. वर्गातला हुशार मुलगा मी. कुणाच्या वहीत काय लिहावं ते पोरं मला विचारायची. आता मला बघितलं की हसू दाबायची. मी जेवताना अन्न चिवडत बसायचो. मास्तरांनी नंतर एकदाही त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. पुन्हा वह्या, पुन्हा तांब्या, पुन्हा 'एमि रा'. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी पोरांना दटावावं. त्यांच्या ध्यानातही ते आलं नाही.

पंधरा दिवसांनी हेडमास्तरांच्या खोलीत मला बोलावणं आलं. आत मोहतमीम साहेब बसले होते, हेडमास्तर उभे होते. मास्तर नव्हते. त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलेलं होतं, जाताना मी पाहिलं. सगळ्या शाळेला माहीत होतं की मास्तरांवर चौकशी बसली आहे. पोरांना राज्याविरुद्ध शिकवतात, असा आरोप. नोकरी जायची, आणि सरकारी नोकरीतून असं काढलेल्याला राज्यात दुसरी शाळा उभी करत नसे. होळी मोहल्ल्यातल्या भाड्याच्या खोलीत त्यांची बायको आणि विधवा बहीण, दोघींचा आधार हा एवढाच. अप्पा मला सकाळी म्हणाले होते, "जे हाय ते बोलून मोकळा हो. आपल्याला कुणाचं वाईट कराचं न्हाई."

मोहतमीम साहेबांबद्दल मला आजही वाईट बोलता येणार नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं. समोर मास्तरांचा लेखी खुलासा होता. साहेबांनी तो वाचून दाखवला. मास्तरांनी लिहिलं होतं की मराठीत मतलब या शब्दाचा अर्थ खुदगर्जी, म्हणजे स्वार्थ, असा होतो, विद्यार्थी नाटकातल्या राजाबद्दल बोलत होता, शब्दाच्या घोटाळ्यापलीकडे यात काही नाही. साहेब म्हणाले, "बेटा, मुझे मराठी नहीं आती. तुम बताओ. क्या ये सच है, के मराठी में मतलब के माने कुछ और होते हैं?"

एक 'जी हाँ' म्हणायचं होतं. तेवढंच. साहेबांना ते ऐकायचं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हेडमास्तर मान हलवून मला खुणावत होते.

मी म्हणालो, "नहीं साब. मतलब म्हणजे अर्थ. मास्तर साब ने खुद क्लास में बोले."

साहेबांनी मला तीनदा विचारलं. तीनदा मी तेच सांगितलं. 'नहीं' सोडलं तर यात खोटं काही नव्हतं, आणि हीच त्यातली सगळ्यात ओंगळ गोष्ट. मास्तर खरंच तसं बोलले होते, सगळ्या वर्गासमोर, हसत हसत. मी शब्दही बदलला नाही. मी खोलीतून बाहेर आलो, व्हरांड्यात मास्तर बसलेले होते, त्यांनी मान वर करून डोळ्यांनीच विचारलं, झालं का? मी मान हलवली आणि निघून गेलो. त्या रात्री मला छान झोप लागली. हेही लिहून ठेवतो.

महिन्याभरात मास्तर बडतर्फ झाले. नांदेड सोडण्याआधी ते आमच्या दुकानात आले. मी आत भांडी पुसत होतो, पडद्याआड.

"अप्पासाहेब, पोराला मारू नका," ते म्हणाले. "भ्यालं ते. एवढा मोठा साहेब समोर. सोळा वर्षांचं पोर, भिणारच."

अप्पा म्हणाले, "मास्तर, काय तोंड दाखवावं तुमाला?"

"तसं काही न्हाई हो. मीच शिकवायला जरा कमी पडलो."

मी आत तांब्या पुसत राहिलो. इतका पुसला की हाताला पितळेचा वास दोन दिवस गेला नाही. भ्यालो होतो, हे मलाही पटून गेलं. सगळ्यांना पटलं. घरात, गल्लीत, वर्गात सगळे म्हणाले, पोरगं भ्यालं. मतलबी म्हणणंही बंद झालं. भिणं हे किती सोयीचं कारण आहे ते मला तेव्हा समजलं. भित्र्या माणसाला कुणी वाईट म्हणत नाही.

मग राज्य गेलं. पोलीस ॲक्शन झाली आणि आठ-दहा महिन्यांत नांदेडात इतके देशभक्त निघाले की एवढे लोक आधी कुठे लपले होते असा प्रश्न पडावा. मी तोवर इंटर होऊन त्याच शाळेत मराठीचा मास्तर म्हणून लागलेलो होतो. त्याच खोलीत, तेच नाटक. एका सभेत कुणालातरी जुनी गोष्ट आठवली. निजामाच्या अधिकाऱ्यासमोर छातीठोकपणे 'बादशाह म्हणजे रयतेचा मारेकरी' असं सांगणारा निर्भय विद्यार्थी कोण? मी. गळ्यात हार पडला. टाळ्या झाल्या. पोरगं भ्यालं हे लोक विसरले होते, आणि हेडमास्तरांच्या खोलीत मी नेमकं काय बोललो ते फक्त तिघांना ठाऊक होतं. मोहतमीम साहेब कुठे गेले कळत नव्हतं, हेडमास्तर निवृत्त होऊन गप्प बसले होते, आणि त्या गप्पपणात मी तो हार घालून घेतला. झेंडूचा होता, मानेला खाज सुटली.

त्याच सभेत ठरलं की खानापूरकर मास्तरांना सन्मानाने परत नोकरीवर घ्यावं. अर्ज करायचा होता : मी राज्याविरुद्ध विद्यार्थ्यांना जागृत केले, त्यापायी माझी नोकरी गेली. खाली मास्तरांची सही. साक्षीदार म्हणून माझी. अर्ज मीच लिहिला आणि मीच देगलूरला घेऊन निघालो. बसमध्ये मी स्वतःला सांगत होतो की आता सगळं निस्तरेल. मास्तरांना शाळा मिळेल, मला झोप मिळेल. चांगली झोप मला त्या एका रात्रीनंतर लागली नव्हती.

मास्तर तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसलेले सापडले. अर्जनवीस झाले होते. खेड्यातून येणाऱ्या लोकांचे अर्ज लिहून देत. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला त्यांनी लगेच ओळखलं, शेजारी पोत्यावर बसवलं, चहा मागवला. अप्पांची चौकशी केली. मी मराठी शिकवतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"ते नाटक हाय का अजून?"

"हाय, मास्तर."

"विडा दाखवतोस का पोरांना?"

मी हो म्हणालो. दाखवत होतो खरं. त्यांचंच तबक, त्यांचीच युक्ती, माझ्या नावावर. वर्गातली पोरं मला वाखाणायची.

मग मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"अक्षर सुधारलं तुझं," ते म्हणाले. "पण हे खरं न्हाई. मी राज्याविरुद्ध काही शिकवलं न्हाई. मी किल्लेदार शिकवला."

"मास्तर, सगळेच लिहून राहिलेत. नुसती सही करा. शाळा परत मिळंल."

"अरे, शाळा मला पाहिजे. रोज पाहिजे वाटते. हे बांधावरचे अर्ज लिहून लिहून हात कंटाळला." त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. "पण असं कर, जे झालं ते लिव. पोरगं एका शब्दात अडखळलं, साहेबांचा गैरसमज झाला, पोरगं भिऊन पुढं काही बोललं न्हाई. एवढंच. हे लिव, मी आत्ता सही करतो. मग शाळा देवो न देवो."

दौत समोर होती, टाक त्यांच्या हातात. मी ते लिहिलं असतं तर मास्तरांना नोकरी मिळाली नसती आणि माझा हार गेला असता. पण निदान माझी सुटका झाली असती, तीही भित्रा म्हणून, सगळ्यांच्या सहानुभूतीने. मला ते करता येत होतं. का कोण जाणे, पण तो माणूस तुटक्या चष्म्यातून माझ्याकडे इतक्या मायेने बघत होता की मला स्वतःच्या अंगाची शिसारी आली.

"मी भ्यालो नव्हतो, मास्तर," मी म्हणालो.

"मग?"

"तुम्ही हसलात."

"कवा?"

"साहेब गेल्यावर, वर्गात. मतलब म्हणजे अर्थ, म्हणून पोट धरून हसलात. मग सगळे हसले. पंधरा दिवस सगळी शाळा मला मतलबी म्हणत होती. तुम्ही कुणाला थांबवलं न्हाई. म्हणून मी साहेबांना सांगितलं, मराठीत पण मतलब म्हणजे अर्थच. मला सगळं कळत होतं. साहेबांनी तीनदा विचारलं, तीनदा कळत होतं."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. चष्मा काढला. कचेरीकडे बघत बराच वेळ ते आठवत राहिले. खरोखर आठवत होते, कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी माझ्या तोंडावर थुंकावं, अशी माझी इच्छा होती.

"हसलो व्हतो का मी?" शेवटी ते म्हणाले. "मला आठवंना रे."

समोरून एक म्हातारी अर्ज लिहून घ्यायला आली, तिला त्यांनी हाताने थांबायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"चुकलं माझं, शिवलिंग. पोराला हसू न्हाई कधी. एवढं शिकवून मला कळलं न्हाई. माफ कर बाबा."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. निदान ते हात धरून खाली करायला हवे होते. मी काय केलं? मला बरं वाटलं. पाच वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते मला मिळालं होतं.

"जाऊ द्या, मास्तर," मी म्हणालो. "झालं ते झालं."

त्यांना ज्याने आयुष्यातून उठवलं, त्याने त्यांना माफ केलं. त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि म्हातारीला जवळ बोलावलं. सही न झालेला अर्ज मी घडी करून खिशात घातला. शाळेत सांगितलं की मास्तर थकलेत, परत यायला तयार नाहीत. जागा माझीच राहिली. पुढच्या वर्षी मास्तर गेले.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये नरसीपर्यंत मला फार हलकं वाटत होतं. नरसीच्या थोडं पुढे, आपण काय बोलून आलो ते एकदम समजलं. बस थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला बसून भडाभडा ओकलो. ड्रायव्हरने विचारलं, "लई तरास होऊन राहिला का, गुरुजी? समोरून देगलूरला जाणारी बस येईल, परत जायचं तर जा." मी तोंड पुसलं आणि पुढे नांदेडला गेलो.